त्रिनिदादला निघालात? आधी नकाशा वाचा

पोफळी | शनिवार, सकाळी १०:१५

मागच्या आठवड्यात रानमेवा यांनी विचारलं होतं, "कामासाठी वेस्ट इंडीजला जातोय, काय बघू?" तिथेच उत्तर द्यायला बसले आणि ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

आधीच सांगते, मी इतिहासाची अभ्यासक नाही. त्रिनिदादच्या पॉइंट लिसास भागात अमोनियाच्या कारखान्यात चौदा महिने कामाला होते. रविवारी गाडी मिळायची आणि वेळ जाता जात नसे, त्यातून जमलेलं हे ज्ञान आहे.

पहिली गोष्ट, वेस्ट इंडीज नावाचा देश नाही. क्रिकेटच्या मैदानाबाहेर पाऊल टाकलं की तो संपतो. रानमेवा जाताहेत तो देश 'त्रिनिदाद आणि टोबॅगो'. दोन बेटं, एक सरकार, लोकसंख्या साधारण १४ लाख. एकटं त्रिनिदाद ४,७६८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गाहून जरासं लहानच. पश्चिमेला व्हेनेझुएला जेमतेम ११ किलोमीटरवर. हवा स्वच्छ असली तर तिथले डोंगर दिसतात.

आता नकाशा उघडा आणि नुसती नावं वाचत जा. अरिमा, टुनापुना, शगवानस ही मूळ रहिवाशांची. सॅन फर्नांडो, सांग्रे ग्रांदे, दिएगो मार्टिन ही स्पॅनिश. उत्तर किनाऱ्यावर ब्लाँशिसूज, म्हणजे फ्रेंचमध्ये परटीण. नदीवर कपडे धुणाऱ्या बाया पाहून मोजणीदाराने ते नाव टिपलं असं सांगतात. वॉटर्लू आणि प्रिन्सेस टाउन इंग्रजांची. आणि दक्षिणेला उतरलात की फैजाबाद, बराकपूर, गोवळकोंडा! मध्यभागी पूना नावाचीही एक वाडी आहे. पाटी बघून मी गाडी थांबवायला लावली होती. (मराठी मजूर तिथे गेले होते असा अर्थ लगेच काढू नका, त्यावर खाली येतेच.)

या बेटावर जो आला तो नाव ठेवून गेला. कोण मालक म्हणून आला आणि कोण मालाबरोबर आला, एवढं कळलं की इतिहास निम्मा झाला.

सुरुवात दक्षिणेकडून. सॅन फर्नांडोच्या खालच्या बाजूला बनवारी ट्रेस आहे. ट्रेस म्हणजे आपली पाणंद. कुणा बनवारीच्या नावाची ही पाणंद, आणि तिथे सुमारे ७,००० वर्षांपूर्वीची वस्ती सापडली. १९६९ मध्ये माणसाचा सांगाडाही मिळाला. कॅरिबियनमधल्या सगळ्यात जुन्या वस्त्यांपैकी ही एक, आणि जगात ती ओळखली जाते शेदीडशे वर्षांपूर्वी आलेल्यांच्या नावाने! त्या काळी त्रिनिदाद दक्षिण अमेरिकेच्या भूमीपासून नुकतंच सुटलेलं होतं. मुळात ते त्या खंडाचंच तुटलेलं टोक. म्हणून तिथले पक्षी-प्राणी इतर बेटांसारखे नाहीत, मुख्य भूमीसारखे आहेत.

कोलंबस आला तिसऱ्या सफरीत, ३१ जुलै १४९८ रोजी. तीन टेकड्या एकत्र दिसल्या, त्याने ख्रिस्ती त्रिमूर्तीचं नाव दिलं. पुढची जवळजवळ तीनशे वर्षं स्पेनचं राज्य, पण नावापुरतं. सोनं नव्हतं ना! गव्हर्नर बेरियोने १५९२ मध्ये सॅन होसे वसवलं ते सोन्याच्या नगरीच्या शोधात मुख्य भूमीवर जायला तळ हवा म्हणून. १५९५ मध्ये इंग्रज वॉल्टर रॅले आला, त्याने सॅन होसे जाळलं आणि बेरियोला धरून नेलं. त्यालाही तीच नगरी हवी होती. त्याआधी वाटेत त्याने ला ब्रे इथल्या डांबराने जहाजांच्या फटी बुजवून घेतल्या होत्या.

ते डांबराचं तळं अजून आहे. सुमारे १०० एकर. 'तळं' ऐकून पाण्याची अपेक्षा ठेवाल तर फसाल. दिसतं जुन्या एसटी स्टँडच्या आवारासारखं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा "यासाठी दोन तास?" असं झालं होतं. मग चालायला लागल्यावर जमीन पायाखाली हलके दबते, मधल्या खळग्यांत पावसाचं पाणी आणि त्यात बुडबुडे, गंधकाचा वास. एका जागी उभं राहू नका असं वाटाड्या सांगतो. मी राहिले. चप्पल तिथेच आहे.

खरी उलथापालथ १७८३ मध्ये झाली. बेटावर तेव्हा तीन हजार माणसंही नव्हती. स्पेनच्या राजाने फर्मान काढलं: कॅथलिक असाल, स्पेनच्या मित्रराष्ट्रातले असाल, तर या आणि जमीन घ्या. माणशी ठरलेली जमीन, आणि सोबत आणलेल्या प्रत्येक गुलामामागे त्याच्या निम्मी. म्हणजे जितके गुलाम आणाल तितकं शेत मोठं. शेजारच्या बेटांवरचे फ्रेंच मळेवाले धावत आले. मिश्रवंशीय स्वतंत्र लोकही आले. त्यांना जमीन गोऱ्यांच्या निम्मी. १७९७ पर्यंत वस्ती १७,००० च्या वर गेली, त्यात १०,००० गुलाम. राज्य स्पेनचं, बाजारात बोली फ्रेंच आणि उसात राबणारे आफ्रिकेचे.

आणि त्याच वर्षी, फेब्रुवारी १७९७ मध्ये, इंग्रजांचं आरमार आलं. स्पॅनिश दर्यासारंगाने चागारामासच्या खाडीत आपलीच जहाजं पेटवून दिली, गव्हर्नर चाकोनने जवळपास न लढता बेट देऊन टाकलं. मायदेशी त्याची बेअब्रू झाली. त्रिनिदादने मात्र आपल्या राष्ट्रीय फुलाला त्याचंच नाव दिलंय, चाकोनिया. ऑगस्टच्या आसपास डोंगरात लाल तुरे दिसले तर तेच.

त्यानंतर आलेल्या पिक्टन नावाच्या इंग्रज गव्हर्नरबद्दल फार लिहीत नाही. लुइसा काल्देरोन नावाच्या चौदा वर्षांच्या आसपासच्या मुलीवर चोरीचा आळ आला, कबुलीसाठी तिला दोरीने टांगून एक पाय खुंटीच्या टोकावर टेकवायला लावलं. लंडनमध्ये १८०६ मध्ये त्याच्यावर खटला चालला, शेवटी शिक्षा झाली नाही, आणि तो वॉटर्लूच्या लढाईत मरून वीर ठरला.

गुलामगिरी संपली १ ऑगस्ट १८३४ ला. म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात कायद्याने शेतावरच्या गुलामांना आणखी सहा वर्षं 'उमेदवारी' करायला लावली होती, त्याच मालकाकडे. त्या दिवशी राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये गव्हर्नरच्या दारात लोक जमले, बरेचसे म्हातारे, आणि फ्रेंचमध्ये एकच ओरडत राहिले: सहा वर्षं नाही! चाबूक चालले, धरपकड झाली, तरी दुसऱ्या दिवशी परत आले. शेवटी १८३८ मध्येच ती उमेदवारी गुंडाळावी लागली. ब्रिटिश सरकारने साम्राज्यभर दोन कोटी पौंड भरपाई दिली. कुणाला? मालकांना. राबलेल्यांना छदामही नाही.

आता माणसं मळा सोडून जायला लागली. आणि मळेवाल्यांनी कलकत्त्याकडे पाहिलं. तो भाग दुपारी लिहिते, कुकर झाला.

रानमेवा | शनिवार, सकाळी ११:०२

ताई, मनापासून आभार. तिकीट काढलं तेव्हा 'बीच आणि रम' एवढंच डोक्यात होतं. वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

तिखटमीठ | शनिवार, सकाळी ११:४०

चपलेला श्रद्धांजली. :)

पण खाण्यापिण्याचं काहीच नाही? निषेध.

चिकित्सक_ | शनिवार, दुपारी १२:२०

चांगला लेख. एक सुचवणी: पुढच्या भागात 'गिरमिटिया', म्हणजे करारावर परदेशी नेलेले भारतीय मजूर, या शब्दावरही लिहा. तिथले भारतीय गिरमिटियाच ना?

पोफळी | शनिवार, दुपारी ३:५०

चिकित्सक, तिथे 'गिरमिटिया' म्हटलं तर लोक नुसतं बघत राहतात. तो शब्द फिजीकडचा. त्रिनिदादचा शब्द 'जहाजी'. एकाच जहाजातून आलेले ते जहाजी भाई, आणि ते नातं रक्ताच्या नात्याइतकं मानायचे. जात जहाजात विस्कटली, त्या जागी हे आलं.

मळ्यांसाठी करारावर भारतीय मजूर घेऊन आलेलं पहिलं जहाज 'फतेल रझाक'. ४१५ टनी, सागवानी, मालक मुंबईचा एक मुसलमान व्यापारी. १६ फेब्रुवारी १८४५ ला कलकत्त्याहून निघालं, केप ऑफ गुड होपला वळसा घालून ३० मे ला पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. साडेतीन महिने, सव्वादोनशेच्या आसपास माणसं. १९१७ पर्यंत असे सुमारे १,४४,००० लोक आणले गेले. बहुतेक आजच्या बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले, थोडे मद्रासेकडचे. ३० मे ला आता सरकारी सुट्टी असते.

करार पाच वर्षांचा. मळ्याबाहेर पडायचं तर पास हवा. पासाशिवाय सापडलात, कामावर गेला नाहीत, 'काम नीट केलं नाही' असं मालकाला वाटलं, तर दंड किंवा तुरुंग. म्हणजे नोकरीतली चूक हा फौजदारी गुन्हा. परतीचं भाडं मिळायला दहा वर्षं राहावं लागे. पुढे परतीच्या तिकिटाऐवजी जमीन देऊ लागले आणि मग बहुतेक जण तिथलेच झाले. दर शंभर पुरुषांमागे चाळीस बायका पाठवायचा नियम होता, तोही मुश्किलीने पाळला जाई. हिंदू लग्नांना कायद्याची मान्यता १९४० च्या दशकात मिळाली. म्हणजे शंभर वर्षं पोरं सरकारी कागदावर अनौरस.

एक गोष्ट विसरू नका. याच सुमारास मदेराहून पोर्तुगीज आले, चिनी आले, इतर देशांच्या गुलाम वाहणाऱ्या जहाजांतून सोडवलेले आफ्रिकन आले. त्याआधी १८१५-१६ मध्ये अमेरिकेतून पळालेले गुलाम, जे १८१२ च्या युद्धात इंग्रजांच्या बाजूने लढले, त्यांना प्रिन्सेस टाउनच्या जंगलात पलटणीनुसार जमिनी दिल्या. त्यांची गावं अजून आहेत: फर्स्ट कंपनी, थर्ड कंपनी, फोर्थ, फिफ्थ, सिक्स्थ. सेकंड कंपनी नाहीच. लोकांना मेरिकिन म्हणतात. नकाशा वाचा म्हणते ते यासाठी.

तिखटमीठ, निषेध मान्य. रस्त्यावरचा राजा म्हणजे डबल्स. हळद घातलेल्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, त्यांना 'बारा' म्हणतात, मधे छोले, वर चिंच, काकडी, तिखट. १९३० च्या दशकात प्रिन्सेस टाउनकडे सुरू झालं. एका पुरीवर भागेना, गिऱ्हाइकं 'डबल कर' म्हणू लागली, तेच नाव पडलं. दक्षिणेत डेबे गावात रस्त्याकडेला 'सहिना' मिळते. अळूच्या पानांत डाळीचं पीठ, तळलेली. आपल्या अळूवडीची सख्खी चुलत बहीण, पण गूळ नाही. वांग्याच्या भरिताला चोका म्हणतात. शंकरपाळ्यासारखा कुर्मा असतो. चुरगळलेली पराठा-रोटी म्हणजे 'बस-अप-शट', फाटलेल्या शर्टासारखी दिसते म्हणून.

अभिमानी_कोकणी | शनिवार, सायंकाळी ६:१०

अप्रतिम. दोनशे वर्षं होत आली तरी आपल्या लोकांनी धर्म आणि संस्कृती सोडली नाही. एक प्रकारे ते बेट म्हणजे छोटा भारतच. आपण तिथे गेलं की घरी आल्यासारखं वाटत असणार.

पोफळी | शनिवार, रात्री ९:३०

दादा, मला सुरुवातीला तसंच वाटलं होतं. झेंडे बघितले, दारोदारी लाल-पिवळ्या झंड्या, रामलीला, फगवा म्हणजे होळी. पहिले दोन महिने मी प्रत्येक गोष्टीत भारत शोधत होते, आणि त्या नादात बाकी सगळं माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेलं.

डेबेला सहिना विकणाऱ्या आजींनी मला विचारलं होतं, "तू इंडिया-इंडियाहून आलीस का?" इंडिया दोनदा. कारण एकदा म्हटलं की ते त्यांचं स्वतःचं असतं. मी हिंदीत बोलायला गेले तर त्या हसल्या. भोजपुरी त्यांच्या आजीला यायची. त्यांना भजनं पाठ आहेत, गप्पा इंग्रजीतच, तीही तिथल्या चालीची. भारतात यायची इच्छा आहे का विचारलं तर म्हणाल्या, "कशाला? मला लंडनला लेकीकडे जायचंय."

आणि गणित बघा. २०११ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे ३५ टक्के, आफ्रिकन वंशाचे ३४, मिश्र जवळपास २३. छोटा भारत म्हटलं की उरलेले दोन तृतीयांश कुठे गेले?

होसेचंच घ्या. होसे म्हणजे मोहरम, हुसेनवरून. ताबूतांना तिथे ताजा म्हणतात. उसाच्या मळ्यांवर हा सण मुसलमानांइतकाच हिंदूंचा होता, ढोल वाजवायला आफ्रिकन असत. आपल्याकडेही एकेकाळी ताबुतांपुढे हिंदू नाचतच होते की. १८८४ मध्ये सरकारने मिरवणुका शहरात आणायला बंदी केली. ३० ऑक्टोबरला सॅन फर्नांडोच्या वेशीवर जहाजी ताजे घेऊन आले आणि पोलिसांनी गोळ्या चालवल्या. डझनाहून अधिक मेले, शंभरावर जखमी. तीनच वर्षं आधी, १८८१ च्या कार्निव्हलमध्ये, पोर्ट ऑफ स्पेनच्या आफ्रिकन वस्त्यांतले मशालवाले पोलिसांशी भिडले होते. त्यानंतर त्यांचे ढोलही कायद्याने बंद झाले. म्हणजे सरकारला दोघांचीही मिरवणूक नको होती, दोघांचाही ढोल नको होता.

ढोल बंद केले तर आफ्रिकन वस्त्यांनी बांबू आपटले. मग बिस्किटांचे डबे. मग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेलाची पिंपं, ठोकून ठोकून त्यातून सूर काढले. तेच स्टीलपॅन. लॅव्हेंटिलच्या टेकडीवरच्या ज्या पोरांनी ते घडवलं त्यांना तेव्हा गुंड म्हणत. आज ते देशाचं राष्ट्रीय वाद्य आहे. तुम्ही जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर रात्री एखाद्या पॅनयार्डात, म्हणजे स्टीलपॅनचा सराव चालतो त्या आवारात, जाऊन उभे राहा. शंभर माणसं लोखंडावर रबरी टोकाच्या काठ्या मारताहेत आणि आवाज येतो पाण्यासारखा.

अभिमानी_कोकणी | शनिवार, रात्री १०:०५

मान्य, घाईत लिहिलं. पण अभिमान वाटणं यात गैर काय हे अजून कळलं नाही. असो.

पोफळी | शनिवार, रात्री १०:२०

गैर काहीच नाही. तिथल्या लोकांना विचारा, त्यांनाही आहे. फक्त तो त्यांचा आहे, आपला नाही.

जुनी_वही | रविवार, सकाळी ८:१५

पोफळीताईंनी मराठी मजुरांचा विषय वर सोडला होता. मुंबई इलाख्यातले, विशेषतः कोकणातले लोक मॉरिशसला गेले, तिथे मराठी समाज आजही आहे. त्रिनिदादची भरती कलकत्ता आणि मद्रास इथून झाली, त्यामुळे तिथे मराठी वस्ती शोधण्यात अर्थ नाही.

पण एक मराठी माणूस या गोष्टीत आहेच. गोपाळ कृष्ण गोखले. १९१० मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीसाठी होणारी करारबद्ध मजुरांची भरती थांबवण्याचा ठराव कायदेमंडळात मांडला, तो मान्य झाला. मार्च १९१२ मध्ये त्यांनी पुढचं पाऊल टाकलं: ही पद्धतच बंद करा, सगळ्या वसाहतींसाठी. भाषणात त्यांनी सगळी यंत्रणा उलगडून दाखवली: करार न समजणारी माणसं, फौजदारी शिक्षा, बायकांचं प्रमाण, आत्महत्या. ठराव सरकारी मतांच्या बळावर पडला. १९१५ मध्ये गोखले गेले. पुढच्या वर्षी मदनमोहन मालवीयांनी तोच धागा उचलला आणि १९१७ मध्ये जहाजं थांबली.

पुण्यात गोखल्यांची आठवण निघते ती टिळकांशी झालेल्या वादापुरती. या कामासाठी कुणी त्यांचं नाव घेताना मी तरी फारसं ऐकलेलं नाही.

पोफळी | रविवार, सकाळी ९:००

जुनी_वही, साष्टांग. नेल्सन नावाच्या चिमुकल्या बेटावर जहाजी लोकांना उतरवून ठेवत, तिथे मी नावेने गेले होते. भिंतींसमोर उभी होते आणि गोखले डोक्यातही आले नाहीत. लाज वाटली.

भिडस्त | रविवार, सकाळी १०:३५

एवढा मोठा धागा आणि पोर्ट ऑफ स्पेन म्हटल्यावर कुणाला मार्च १९७१ आठवू नये? आजकालच्या पिढीचं काय सांगावं.

क्वीन्स पार्क ओव्हल. कर्णधार अजित वाडेकर. आपल्या मडगावचे दिलीप सरदेसाई ११२. पहिलाच सामना खेळणारा सुनील गावसकर ६५ आणि नाबाद ६७. दुसऱ्या डावात सलीम दुराणीने सोबर्सला शून्यावर उडवलं आणि लॉइडलाही काढलं. वेस्ट इंडीजवरचा आपला पहिला कसोटी विजय, सात गडी राखून. त्याच मैदानावर मालिकेतला शेवटचा सामना, दातदुखीने कळवळत गावसकर १२४ आणि २२०. मालिकेत ७७४ धावा. त्रिनिदादच्या एका कॅलिप्सो (तिथली लोकगीतं) गायकाने त्याच्यावर गाणं रचलं. आणि १९७६ ला परत तिथेच, ४०३ चं लक्ष्य चार गडी गमावून गाठलं!

मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या चाळीत पेपर येईपर्यंत धीर नसायचा. पोर्ट ऑफ स्पेन हे गाव मला पंढरपूरइतकंच जवळचं. गेलो नाही कधी.

पोफळी | रविवार, सकाळी ११:१०

भिडस्तकाका, ओव्हल मी पाहिलं. मागे डोंगर, सुरेख. त्या सामन्यांना भारतीय वंशाच्या प्रेक्षकांनी आपल्या संघासाठी टाळ्या वाजवल्या आणि 'हे नक्की कुणाचे?' हा प्रश्न त्यांना पुढे कितीतरी वर्षं ऐकावा लागला. आपण इथे खुश होत होतो तेव्हा तिथे त्याची किंमत कुणी तरी मोजत होतं. आता मात्र लाराचं नाव काढलं की दोघंही एकाच सुरात बोलतात.

खारावारा | रविवार, दुपारी १:४५

बोटीवर असताना पॉइंट लिसासला अनेकदा लागलो आहे, अमोनिया आणि मिथेनॉल भरायला. नांगर टाकून पडलेलो असायचो, त्यामुळे बंदराबाहेर फार पाहिलं नाही. पण टोबॅगोबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहितो.

टोबॅगोचा इतिहास वेगळाच. डच, फ्रेंच, इंग्रज यांच्यात ते बेट तीसेक वेळा या हातातून त्या हातात गेलं. मधेच लाटवियातल्या कुरलँड नावाच्या छोट्या संस्थानानेही १६५४ मध्ये तिथे वसाहत थाटली! आजही कुरलँडचा उपसागर आहे. १७७६ मध्ये डोंगरकण्यावरचं रान कायद्याने राखीव केलं, झाडं गेली तर पाऊस जाईल या विचाराने. जगातल्या सगळ्यात जुन्या राखीव वनांपैकी ते एक. साखर बुडाली, बेट भिकेला लागलं, आणि १८८९ मध्ये इंग्रजांनी ते त्रिनिदादला जोडून टाकलं. टोबॅगोकर अजून कुरकुरतात. वस्ती जवळपास सगळी आफ्रिकन वंशाची, त्यामुळे वर चाललेला अर्धा धागा त्यांना परकाच वाटेल.

पोफळी, तेलाबद्दल राहिलं की. आमचा पगार त्यावर होता.

पोफळी | रविवार, दुपारी ४:३०

खरंय, तेल आणि वायूवरच आजचा देश उभा आहे. ला ब्रेजवळ १८५७ मध्येच विहीर खणली होती, व्यापारी उत्पादन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आणि मजुरांची खरी लढाई झाली ती फैजाबादला. १९ जून १९३७. बटलर नावाच्या आफ्रिकन वंशाच्या पुढाऱ्याला सभेतच पकडायला पोलीस आले, लोक उसळले, संप बेटभर पसरला. त्यातून ज्या संघटना उभ्या राहिल्या, तेलाची आणि साखरेची, त्या दोन्हींचा अध्यक्ष झाला एड्रियन कोला रिएन्झी नावाचा वकील. इटालियन वाटला ना? मूळ नाव कृष्ण देवनारायण. भारतातल्या गावाचं नाव लावलेल्या गावात आफ्रिकन वंशाच्या माणसाने संप पेटवला, आणि रोमन नाव घेतलेल्या जहाजीच्या वंशजाने संघटना चालवली. १९ जूनला तिथे कामगार दिन असतो.

पुढचं पटकन. १९५८ मध्ये दहा बेटांचं संघराज्य झालं, राजधानी पोर्ट ऑफ स्पेन. जमैकाने सार्वमत घेऊन अंग काढलं, तेव्हा त्रिनिदादचे पुढारी एरिक विल्यम्स म्हणाले, दहातून एक गेला की बाकी शून्य. ३१ ऑगस्ट १९६२ ला त्रिनिदाद स्वतंत्र झालं. विल्यम्स १९८१ पर्यंत सत्तेत राहिले. १९९० मध्ये एका सशस्त्र गटाने संसदेत घुसून पंतप्रधानांना सहा दिवस ओलीस धरलं. त्या आठवड्याबद्दल लोक अजून आवाज खाली करून बोलतात. १९९५ मध्ये बासदेव पांडे भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान. २००३ मध्ये सरकारी साखर कंपनी बंद. ज्या उसासाठी एवढी माणसं समुद्र ओलांडून आणली, तो ऊस आता जवळपास नाहीच. वाटेत मैलोन्‌मैल रान माजलेलं दिसेल, ते मळे.

रानमेवा | रविवार, रात्री ८:२०

सगळं वाचलं, दोनदा. ताई, मला एकच रविवार मोकळा मिळणार आहे. उतरणार कूवाला. सगळं होणार नाही. एकच ठिकाण सांगा.

पोफळी | रविवार, रात्री ९:१५

मग वॉटर्लूच गाठा, कूवाहून जवळ आहे. वाटेत कारापिचैमाला ८५ फुटी मारुती दिसेल. आवारात दत्तमंदिर आहे म्हणून आपला मराठी जीव लगेच हुरळतो, पण ती म्हैसूरच्या स्वामींची परंपरा. गाणगापूर-वाडीची चाल तिथे नाही. नमस्कार करा आणि पुढे व्हा.

वॉटर्लूच्या किनाऱ्यावर समुद्रात एक देऊळ आहे. शिवदास साधू नावाचे उसाच्या मळ्यावरचे एक मजूर. त्यांनी १९४७ च्या सुमारास किनाऱ्यावर छोटं देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची निघाली. पाडायला सांगितलं, त्यांनी नकार दिला, तेव्हा चौदा दिवस तुरुंग आणि वर दंड. देऊळ पाडलं गेलं. बाहेर आल्यावर त्यांनी विचार केला, जमीन कंपनीची, समुद्र तर कुणाचा नाही. मग सायकलला बादल्या लावून दगड-माती नेऊन चिखलात भर टाकायला सुरुवात केली, ओहोटीला. एकट्याने, पंचवीस वर्षं. लोक वेडा म्हणायचे. लाटांनी ते पुन्हा पुन्हा खाल्लं. जहाजी आल्याला १५० वर्षं झाली तेव्हा, १९९५ च्या सुमारास, सरकारने ते नीट बांधून दिलं. आता बांधावरून चालत जाता येतं. शेजारीच किनाऱ्यावर स्मशान आहे, एखादी चिता जळत असेल. दचकू नका.

ओहोटीच्या वेळी जा. तेव्हा पाणी मागे हटतं आणि तो सगळा चिखल दिसतो, ज्यात ते सायकल ढकलत होते. भरतीला नुसतं फोटोतलं देऊळ दिसतं.

तिथून वेळ उरला तर डेबे, सहिना.

रानमेवा | रविवार, रात्री ९:४०

ओहोटीचं वेळापत्रक काढून ठेवलं. डबल्सवाल्याला तिखट किती सांगायचं?

पोफळी | रविवार, रात्री ९:४८

'स्लाइट' म्हणा. स्लाइट म्हणजे आपल्या कोल्हापूरचं मध्यम.

तिखटमीठ | रविवार, रात्री ९:५५

मी असते तर 'प्लेन्टी' सांगितलं असतं.

पोफळी | रविवार, रात्री १०:०१

मी सांगितलं होतं. सोमवारी कामावर गेले नाही.